कशाला जोडायचंय?

सडबरीत, निकेलच्या खाणींच्या गावात,
माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारतो.
गरम पाणी की थंड, गॅस की सांडपाणी,
त्यावर सगळं ठरतं.
चुकलं, तर रात्री दोनला तळघरात घोटाभर पाणी
आणि सकाळी दारात मीच.

सेल्मा कांतोला जानेवारीत आली,
टोपीवरचा बर्फही न झटकता
थेट पितळेच्या खणाशी.
एक एल्बो उचलला, हातभर लांब धरला,
एक डोळा मिटला.
ठेवला.
दुसरा उचलला.
कशाला जोडायचंय, मी विचारलं.
म्हणाली, कशालाच नाही.

तीस वर्षं मी वायसर विकतोय.
गळतीची फिकीर नसलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच.

तिसऱ्या शनिवारी तिने फोटो दाखवला,
थांबवलेल्या टीव्हीचा काढलेला फोटो :
कुठल्यातरी जुन्या सिनेमातली कप्तानबाई,
हातात कंदिलासारखं काहीतरी.
तो वर धरला की म्हणे
दुसऱ्या ताऱ्यावरचा माणूस ओळख देतो.
"टेप झिजेपर्यंत बघितलाय आम्ही."
आम्ही कोण, ते मी विचारलं नाही.

चष्मा पुसून मी फोटो जवळ घेतला
आणि मोठ्याने हसलो.
"बाई, हे सिंकचं गाळणं आहे!
वर शॉवरची चकती, आणि ही मूठ
म्हणजे बागेच्या नळीची तोटी, रंग दिलेली."
म्हणजे तेव्हाही कुणीतरी
अशाच एका दुकानात, अशाच खणांपुढे
एक डोळा मिटून उभं होतं,
आणि माझ्यासारखा कुणीतरी विचारत होता.

ती हसली नाही.
गाळणं असं हातात घेतलं,
जसं ते आत्ताच तिकडून आलंय.

मग मीही बिघडलो.
गिऱ्हाईक नसलं की रबराची बूचं उजेडात धरून बघायचो.
बायको म्हणाली, रोझेर, काय झालंय तुला?
शेल्फावर काय कशाचं हे तोंडपाठ होतं मला,
काय कशासारखं, ते कधी बघितलंच नव्हतं.

कानस, पॉलिश कागद, कथील, काळा रंग.
फेब्रुवारी उलटला.
तिच्या नखांत पितळेची भुकटी.
एकदा तोटी इतकी तापवली की वाकली,
नवीन दिली, पैसे नाही घेतले.
शेवटी एकच उरलं :
फोटोत कंदिलावरून आडवी जाणारी
पांढरी रेघ.

"ती कंदिलाची नाही," मी म्हटलं,
"टेपची आहे. टेप खराब झाली की
अशी रेघ येते."
"माहीत आहे," सेल्मा म्हणाली.
"पण आम्ही बघितला तो रेघेसकट."

पाव इंची ॲल्युमिनिअमची पट्टी. दीड डॉलर.

मार्चमध्ये तिने खोकं मागितलं,
भरायला जुने पेपर.
पत्ता थंडर बेचा. आडनाव तिचंच,
पुढे नाव ओलावी.
चिकटपट्टी लावताना तिने ती तीनदा उचकटली,
आत हात घालून काही नीट केलं,
पुन्हा लावली.
सहा वर्षं झाली, एवढंच बोलली,
आणि आईच्या तळ्याकाठच्या घराबद्दल काहीतरी,
ज्याचा शेवट तिने गिळला.

एप्रिल गेला. दुकानासमोरचं बर्फ काळं पडलं, वितळलं.
ती आली नाही.

काल फोन वाजला.
पुरुषाचा आवाज, घासलेला,
नाव न सांगता सरळ मुद्द्यावर :
पाव इंची ॲल्युमिनिअमची पट्टी आहे का?
सवयीने मी विचारलं, कशाला जोडायचंय?
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला,
"रेघ चुकलीय तिची. बोटभर खाली हवी होती."

थंडर बेत अशी चार दुकानं असतील.
मध्ये हजार किलोमीटर आणि अख्खं तळं.
मी म्हटलं, पोस्टाने पाठवतो.
"नको," म्हणाला, "ठेवून द्या. येतोय मी."

पट्टी गल्ल्याशेजारच्या बशीत काढून ठेवलीय.
सेल्माला कळवावं का,
ते अजून ठरवलेलं नाही.